कागदावर काळे का येते?

मे महिन्यात लागलेल्या लग्नांचे अल्बम आमच्या रत्नागिरीत बहुधा पावसातच घरी येतात. बाहेर आभाळ भरलेले, ओटीवर सगळे घर जमलेले, आणि पहिलेच पान उलटताना उद्गार ठरलेला : ‘मोबाइलवर किती छान होते, कागदावर काळे का आले?’ खापर अर्थातच स्टुडिओवाल्याच्या माथी.

दर वेळी दोष त्याचा नसतो. पडदा स्वतः उजेड देतो. कागद अंगावर पडलेला उजेड तेवढा परत करतो. दुकानातून आलेला पडदा बहुधा भगभगीतच असतो. त्यावर फोटो उगीच उजळ वाटतो, म्हणून दुरुस्त करणारा तो थोडा उतरवतो. छपाईयंत्राला पडद्याचा भगभगाट काय ठाऊक? ते उतरवलेलेच छापते.

बँकेत नोकरी केल्यामुळे मला हा सगळा ताळ्याचा प्रश्न वाटतो. दोन वह्या जुळवायच्या तर दोन्हींतला रुपया एकच हवा. आंबेवाल्याच्या वजनांवर सरकारी पडताळणीचा शिक्का असतो. घरातल्या पडद्याला शिक्का मारणारा निरीक्षक कोणी नाही.

माप मात्र आहे. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एसआरजीबी हे रंगांचे प्रमाण मांडले, त्यात पडद्याचा उजेड चौरस मीटरला ८० कँडेला धरला होता. छपाईसाठी काम करणारे आजही साधारण ८० ते १२० वर पडदा ठेवतात. आजचे महागडे मोबाइल उन्हात हजाराच्या पुढे जातात! पडद्यावर टेकवून हे मोजणारे छोटे यंत्र मिळते. घरच्या अल्बमपायी ते घ्यायलाच हवे असे नाही. चांगल्या दिव्याखाली पडद्याशेजारी कोरा कागद धरावा, पडद्यावरही कोरे पान उघडावे, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडदा मंद करावा. उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवावी. मग एकच लहान प्रत काढून, जिथे फोटो लावायचा त्या भिंतीशी धरून पाहावी.

अल्बमचे एक वेळ चालून जाते. पण घरातले माणूस गेले की धावपळीत मोबाइलमधलाच एखादा फोटो मोठा करून, चौकटीत घालून तेराव्याच्या आत आणवतात. माजघरात उजेड बेताचा, त्यात फोटो काळवंडलेला. पाळण्यातली नातवंडे पुढे आजीला त्याच चेहऱ्याने ओळखणार. म्हणून असा एक फोटो, माणूस समोर हसत बसलेले असतानाच, नीट पारखून छापून ठेवावा. ऐकायला अभद्र वाटते खरे. खातेदाराकडून वारसाचे नाव लिहून घेतानाही समोरच्याचा चेहरा असाच होत असे.