उसन्या अवयवांची गाडी

दिवाळीच्या अंकात मोटारीच्या ब्रेकविषयी लिहावे, म्हणजे वाचकांना बेसनाच्या लाडवात खडा लागल्यासारखे वाटेल. पण काय करावे? यंदा मलाच तो खडा लागला आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. यंत्रातले मला काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणोत. माझ्या वडिलांच्या वेळी गावात बैलगाड्या करणारा एक म्हातारा सुतार होता. एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीच्या आखाला तो कधी लावून देत नसे. "आख तुंब्याशी नांदला पाहिजे," एवढेच म्हणे. त्यालाही मॅट्रिकची पायरी ठाऊक नव्हती!

तर माझा एक जुना विद्यार्थी. आयटीआय झालेला, हात सोन्यासारखा. दोन वर्षे खपून त्याने गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका छोट्या मोटारीचा लोखंडी सांगाडा उभा केला. जोड असे सुरेख, की पाहत राहावे. पुढे पैसे संपले आणि भंगारातून अवयव गोळा करणे सुरू झाले. इंजिन सहा आसनी रिक्षाचे, मागचा आख मालवाहू टेम्पोचा, पुढची चाके एका जुन्या मोटारीची, स्टिअरिंग आणखी चौथ्याच गाडीचे. जे स्वस्त मिळाले ते बसवले. आम्ही गावकऱ्यांनी काय करावे? टाळ्या वाजवल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला शाल आणि नारळ देऊन मी स्वतः पंधरा मिनिटे भाषण केले. "जुगाड" हा शब्द मी त्यात किती वेळा उच्चारला, ते आठवून आज लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात, कांदा निघालेल्या रानात, त्याने ती गाडी पळवून पाहिली. बांध जवळ आला तसा ब्रेक दाबला. मागची चाके जागच्या जागी रुतली, गाडीची शेपटी गर्रकन फिरली, आणि स्वारी विहिरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. कठडा भक्कम होता म्हणून पोरगा मनगट मोडण्यावर वाचला. कारण अगदी साधे होते. टेम्पोचे मागचे ब्रेक पाठीवर ओझे असताना गाडी थांबवण्यासाठी घडवलेले असतात. ह्या सांगाड्याच्या पाठीवर ओझे कसले, वारा! ब्रेक लागताना भार आणखी पुढे सरकतो, मागची हलकी चाके आधी अडतात, आणि अडलेले चाक गाडीला सरळ धरून ठेवत नाही.

त्या दिवसापासून त्याचे वडील म्हणतात, सगळे किलोच्या भावाने विका. पोरगाही मान हलवतो. आणि गावातले जे काल टाळ्या पिटत होते, तेच आज म्हणतात, "आम्ही म्हणतच होतो!" ह्या दोन्ही टाळकुट्यांशी माझे भांडण आहे.

पहिल्यांना माझा प्रश्न असा, की खिलार आणि डांगी एका जुवाखाली तुम्ही जुंपाल काय? अकोल्याच्या डोंगरातला डांगी पावसात आणि चिखलात भारी, खिलार चालीला तेज. दोन्ही उत्तम, पण एकत्र जुंपले की मान सोलते ती दोघांचीही. मोटारीचे तसेच आहे. इंजिन, गिअरपेटी, आख, चाके आणि ब्रेक ही कारखान्यात एकमेकांना मोजून दिलेली असतात. ब्रेकचा मुख्य सिलिंडर चाकांजवळच्या सिलिंडरांच्या मापाने ठरतो. जीपच्या चाकाला पाच बोल्ट, मारुतीच्या चाकाला चार. ह्यांतले एक उचलून भलत्या संसारात घातले, की उरलेल्या सगळ्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आणि लोखंड जुळवून घेत नाही. म्हणून अर्धवट गाडी पुरी करायची, तर देणारी गाडी एकच आणि अख्खी घ्यावी. चार ठिकाणचे स्वस्त तुकडे शेवटी महागच पडतात.

देणारी गाडी कोणती, हेही सांगाड्याला विचारावे. मारुती ८०० गल्लोगल्ली मिळते, म्हणून हात तिच्याकडे जातो. पण तिचे इंजिन आडवे आणि जोर पुढच्या चाकांना. आमच्या पोराचा सांगाडा मागच्या चाकांना जोर देण्यासाठी बांधलेला. त्याला ओम्नी हवी. तिचेही इंजिन तेच ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. पण उभे बसवलेले, आणि दांडा मागच्या आखाकडे जाणारा. ओम्नी २०१९ साली बंद झाली, तरी तिचे सुटे भाग गावोगावच्या गॅरेजांत आहेत. घेताना गंजलेला पत्रा पाहून नाक मुरडू नये. पत्रा आपल्याला नकोच आहे. कागद मात्र आधी पाहावेत. चोरीची गाडी कापली, तर पुढचे भाषण मला न्यायालयात करावे लागेल.

हे काही गावठी खूळ नव्हे. इंग्लंडात कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली, ती लोक सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडत. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा कंपनीने तिच्याच वळणाची रोडस्टर केली, आणि तिला अँबॅसडरमध्ये बसत असलेले इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी गाडी तर सगळ्यांनी पाहिली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिली. लोकांना बोलेरो तेवढी आठवते. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असेही महिंद्रांनी त्याच वेळी म्हटले होते, ते कोणी आठवत नाही.

आता दुसरे, "कायद्यात बसत नाही, मग खटाटोप कशाला" म्हणणारे. कायदा मला मान्य आहे. विहिरीच्या कठड्यावर आपटलेले पोर पाहिल्यावर तर अधिकच. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कारखान्याने दिलेले मूळ रूप मनाला येईल तसे बदलता येत नाही. ठीक. पण नवी गाडी तपासून घ्यायची वाट कारखानदारांसाठी आखलेली आहे, आणि गंमत पाहा, नियम १२६ खाली ज्या थोड्या संस्थांना ही तपासणी करता येते, त्यांत आमच्या अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्थाही आहे! पोराच्या शेडपासून मोटारसायकलने तासाभराची वाट. पण एका पोराच्या एका गाडीला तिथे पोचायला तो रस्ता नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. २००९ साली ती अधिक कडक केली, बंद नाही केली. ब्रेक तपासा, दिवे तपासा, हवे तर दहा वेळा परत पाठवा. पण एक खिडकी उघडा. ती उघडली असती, तर टेम्पोचा तो आख माझ्यासारख्या मास्तराच्या टाळ्यांपुढे न जाता एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली गेला असता.

ती उघडेपर्यंत गाडी शेतातच फिरेल, सार्वजनिक रस्त्यावर चाक ठेवणार नाही, अशी अट मी पोराला घातली आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. वडील तर बोलतही नव्हते.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. गायवासरांची पूजा झाली होती. सांगाडा शेडमध्ये उसाच्या पाचटाखाली झाकलेला. राहुरीच्या एका गॅरेजात मोडीत निघालेली ओम्नी उभी आहे, कागद पुरे आहेत, असे मी सांगितले. निम्मे पैसे माझ्या कादंबरीच्या मानधनातून देईन म्हणालो. ते मानधन अजून यायचे आहे, हेही सांगितले.

वडील बराच वेळ तंबाखू मळीत राहिले. मग म्हणाले, "सर, ब्रेक तिचेच बसवणार ना सगळे? चारी?"

"चारी," मी म्हणालो.

पोरगा उठला, आणि डाव्या हाताने पाचट बाजूला करू लागला.