एजंट अनेक, चावी एक

कापडाच्या धंद्यात एजंट म्हटले की सुरतेचा दलालच डोळ्यांसमोर येतो. आता संगणकाचे एजंट आले आहेत. अँथ्रोपिकने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि ओपनएआयने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेला हे काम शिकवून लोकांसमोर ठेवले. हा एजंट माणसासारखा ब्राउझर चालवतो, बटण दाबतो, फॉर्म भरतो. एकाच वेळी चार ब्राउझर उघडून चार एजंट बसवता येतात. एक सुरतेच्या साड्यांचे भाव काढील, दुसरा इचलकरंजीच्या कापडाचे, तिसरा सोलापूरच्या चादरींचे.

धाराशिव, कळंब, उमरग्याच्या छोट्या दुकानदाराला हे सोयीचे आहे, यात शंका नाही. पण एक अनुभव सांगतो. एका लग्नसराईत आम्ही दोन माणसे दोन बाजारांत पाठवली. एकाने काय घेतले ते दुसऱ्याला ठाऊक नव्हते. दोघांनी एकाच तऱ्हेचा माल उचलला आणि आमची रक्कम वर्षभर कपाटात अडकली. माणसे इमानदार होती. वही एक नव्हती.

एजंटांचेही तसेच आहे. सामाईक नोंद नसेल तर एकाचे काम दुसऱ्याला कळत नाही. एकाच खात्यातून दोघे शिरले तर एकाने टोपलीत टाकलेला माल दुसरा काढून टाकू शकतो. दोघांनी ओटीपी मागितला तर कोणता कोणाचा, हा घोळ वेगळाच. शिवाय एखाद्या पानावर लपवून लिहिलेली सूचना मालकाचा हुकूम समजून एजंट फसू शकतो. खर्चही आहेच. अनेक एजंट मिळून काम करतात तेव्हा साध्या संभाषणाच्या सुमारे १५ पट टोकन लागतात, असे अँथ्रोपिकनेच २०२५ मध्ये सांगितले. टोकन म्हणजे मजकुराचे तुकडे. बिल त्यांच्यावरच होते.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. भाव काढण्याचे काम खुशाल वाटून द्या. प्रत्येकाला वेगळा बाजार द्या, म्हणजे दोघे एका दारात जाणार नाहीत. सर्वांची नोंद एकाच वहीत घ्या. पण ऑर्डर आणि पैसे यांवर शेवटचा हात मालकाचाच असू द्या. दुकानात नोकर कितीही असोत, गल्ल्याची चावी आपण एकाच्याच कमरेला ठेवतो. तोच कायदा इथेही पाळावा.