ऊन, कातडीचा रंग आणि घाईचा निष्कर्ष



आमच्या ढोकीत आणखी कशाची वानवा असेल, उन्हाची नाही. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, असा वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा ड-जीवनसत्त्वाची उणीव ही थंड देशांची गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २५ ते ३५ वर्षे वयाच्या ११३७ निरोगी तरुण-तरुणींचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. ही पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ऊन आकाशात असणे वेगळे आणि ते कातडीवर पडणे वेगळे!

हा विषय काढण्याचे कारण असे, की ड-जीवनसत्त्व आणि प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग यांचा संबंध जोडणाऱ्या बातम्या अधूनमधून छापून येतात. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. अमेरिकेत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांत गौरवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे. काळ्या कातडीत ड-जीवनसत्त्व कमी तयार होते, म्हणून रोग अधिक उग्र होतो, अशी ही साखळी आहे. तिची एकेक कडी आपण ओढून पाहू या.

पहिली कडी भौतिकशास्त्राची आहे आणि ती पक्की आहे. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी कातडीत शिरल्या, की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ड-जीवनसत्त्व बनू लागते. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर क्रिया होऊन त्याचे कार्यक्षम रूप तयार होते. या लहरी वातावरणातील ओझोन शोषून घेतो. म्हणून किरण जितके तिरपे, तितका त्यांचा हवेतील मार्ग लांब आणि तितक्या या लहरी कमी.

हे गणित तुम्ही स्वतः करू शकता. ढोकीचा अक्षांश सुमारे १८.४ अंश. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंशांवर असतो. ९० मधून हे दोन्ही वजा करा. माध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ४८ अंश येते. म्हणजे एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडेल. अमेरिकेतील शिकागो शहर सुमारे ४२ अंशांवर आहे. तेथे त्याच दिवशी सूर्य जेमतेम २५ अंश वर येतो आणि त्याच काठीची सावली दोन मीटरांहून लांब पडते. सूर्य डोक्यावर असताना किरणांना हवेतून जेवढा मार्ग काटावा लागतो, त्याच्या १.३५ पट मार्ग आपल्याकडे होतो, तर शिकागोत सुमारे २.४ पट. त्यात काळ्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील लहरी अडवते. सारख्याच उन्हात काळ्या माणसाला तेवढेच जीवनसत्त्व मिळवायला जास्त वेळ लागतो.

दुसरी कडी जीवशास्त्राची. १९९० साली श्वार्ट्झ आणि हुल्का या अमेरिकी संशोधकांनी असा तर्क मांडला, की ड-जीवनसत्त्वाची कमतरता हे प्रोस्टेटच्या कर्करोगाचे एक कारण असावे. पुढे प्रयोगशाळेत असे दिसले, की प्रोस्टेटच्या पेशीही या जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देऊ शकतात आणि ते रूप काचेच्या बशीतील कर्कपेशींची वाढ मंदावते. २०१४ साली शिकागोतील ६६७ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तजलात दर मिलिलिटरला १२ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी ड-जीवनसत्त्व होते, त्यांच्यात उग्र स्वरूपाचा कर्करोग अधिक आढळला. काळ्यांत आढळला, तसा गोऱ्यांतही!

येथवर साखळी चांगली वाटते. आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. शेजारच्या बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुकेही तीत होते. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड या जिल्ह्यांचीही नोंदणी होऊ लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात, सर्व प्रकारचे कर्करोग धरून पुरुषांतील सर्वांत कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांचे होते : वर्षाला लाखामागे ३९.५. मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याचे प्रमाण २६९.४ होते.

उसाच्या फडात दिवसभर उन्हात राबणारा माणूस आणि देशातील सर्वांत कमी कर्करोग! "पाहा, उन्हाचा प्रताप," असे म्हणायचा मोह कोणालाही होईल. माझे स्पष्ट मत असे, की हा मोह आवरला पाहिजे.

एक तर, हे आकडे वयाचा हिशेब करून काढलेले असले, तरी त्यांत निदान झालेलाच रोग येतो. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. जेथे रक्ततपासणी जास्त, तेथे तो जास्त सापडतो. दुसरे, ऊन एकटे येत नाही. उन्हात काम करणाऱ्याची हालचाल, वजन, आहार, तंबाखूची सवय ही सारी बैठे काम करणाऱ्याहून वेगळी असतात. उलट, आजारी माणूस घरातच बसून राहतो, म्हणून त्याचे ड-जीवनसत्त्व उतरते. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? तिसरे, मुंबईच्या तरुणांत एवढी कमतरता असूनही भारतात या रोगाचे प्रमाण अमेरिकेहून कितीतरी कमी आहे.

अशा वेळी निवाडा प्रयोगानेच होतो. अमेरिकेत २५,८७१ जणांवर असा प्रयोग झाला. त्यांत ५,१०६ कृष्णवर्णीय होते. चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून निम्म्यांना रोज ड-जीवनसत्त्वाची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे पाच वर्षांनी पहिल्या गटात ७९३ जणांना कर्करोग झालेला होता, दुसऱ्यात ८२४ जणांना. २०१८ साली निष्कर्ष आला : गोळीने कर्करोग टळला नाही. त्यातील बहुतेकांना मुळात फारशी कमतरता नव्हती, हे खरे. त्यामुळे तीव्र कमतरता असणाऱ्यांचा प्रश्न पुरता मिटलेला नाही. पण "गोळी घ्या, कर्करोग टाळा" असे सांगण्यास आज आधार नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'वंश' हा शब्द तक्त्याच्या एका रकान्यात मावतो, पण त्याच्या आड कातडीचा रंग, आनुवंशिकता, गरिबी, वस्ती, दवाखान्याचे अंतर असे बरेच काही दडलेले असते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. तेथे दोन्ही वर्णांच्या रुग्णांना सारखेच उपचार मिळू शकतात. अशा साठ हजारांवर रुग्णांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत जास्त नव्हते. जो फरक रक्तातला वाटत होता, त्यातला पुष्कळसा वेळेवर मिळणाऱ्या उपचारातला होता!

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. घरातील आजोबा रात्रीतून चार वेळा उठत असतील, लघवीला त्रास होत असेल वा तीत रक्त दिसत असेल, तर त्यांना ओसरीवर उन्हात बसवणे हा उपाय नव्हे. यातील पुष्कळ तक्रारी वयाने ग्रंथी वाढल्यामुळे असतात, कर्करोगामुळे नसतात. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचे. ड-जीवनसत्त्व हाडांसाठी आवश्यक आहे. त्याच्या तीव्र उणिवेने लहान मुलांना मुडदूस होतो. मात्र मनाने घेतलेल्या जादा गोळ्यांनी रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. २२ डिसेंबरला माध्यान्ही मुलांकडून काठीची सावली मोजून घ्या. नंतर वर्गात एखादी आरोग्यविषयक बातमी वाचा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा : मोजले काय? मोजायचे राहिले काय? आणि प्रयोग करून पाहिला का? ही सवय शाळेत लागली, तर पुढे कोणत्याही बातमीवर घाईने विश्वास ठेवण्याची पाळी मुलांवर येणार नाही.