कोठार कोणाचे, किंमत कोणाची?



सभेला आलेला प्रत्येक पुढारी आपल्या प्राचीन संस्कृतीचे गोडवे गातो. गाऊ द्या. फक्त एवढे विचारा, की त्या काळी पिकवणाऱ्याच्या मालाला काय न्याय होता आणि तुमच्या राज्यात काय मिळाला?

लांब जायला नको. सोलापूरशेजारचे तेर म्हणजे जुने तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पुस्तकात नोंद आहे, की तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. तगर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच वीस दिवस. वाटेत जकात भरावी लागली असेल, पण माल समुद्रापार पोचला. आणि आपण? 1972 सालापासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदी. कापसाची गाडी राज्याच्या सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार! पुढे मार्च 2012 मध्ये गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून केंद्राने एका आदेशाने निर्यातच बंद केली.

कौटिल्य काही शेतकऱ्याचा कैवारी नव्हता. तिजोरी रिकामी झाली तर धान्याचा तिसरा-चौथा हिस्सा मागायला तो कचरत नाही. पण विकत घ्यायचे तर बियाणे आणि पोटापुरते धान्य वगळून, उरलेल्याचा चौथा हिस्सा, तोही रोख मोजून, असे त्याने लिहून ठेवले. ज्वारीच्या लेव्हीला तेवढीही लाज नव्हती. घरात पिकले नाही म्हणून बाजारातून चढ्या भावाने ज्वारी आणून सरकारला पडत्या भावाने घालणारे म्हातारे अजून गावोगावी भेटतील.

आता आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. दुष्काळात त्यांनी कोठार उघडले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली. पण नीट ऐकली का? उघडले ते बिदरच्या बादशहाचे कोठार. कुणा कुणब्याच्या कणगीला पंतांनी हात लावला नाही. आणि बादशहाने हिशेब मागितला तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, त्याने पै न् पै चुकती केली. कथा खरी की खोटी हा वाद इथे नको. लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कशी सांगितली ते बघा. भुकेल्याला धान्य द्यायचे, पण त्याची किंमत कुणीतरी भरली पाहिजे, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांना कळत होते. देवसुद्धा फुकट सुटला नाही. लेव्हीच्या दिवसांत सरकारनेही गरिबाला स्वस्त ज्वारी दिली, चांगलेच केले. पण त्या स्वस्ताईची किंमत तिजोरीतून भरायची सोडून आपल्या कणगीतून काढली, आणि वर दामाजीपंत म्हणून मिरवले.

जुने ते सगळे सोने होते असे मात्र कुणी समजू नये. त्याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचे काम करताना चोखोबा भिंतीखाली गाडला गेला. जन्मभर देवळाबाहेर उभा राहिलेला माणूस. संस्कृतीचे गोडवे गाणारे ते पान भर्रकन उलटतात.

तेव्हा पुढच्या सभेत दामाजीपंतांच्या पुतळ्याला हार घालून कुणी भाषणाला उभा राहिला, तर हात वर करा आणि विचारा, साहेब, 2012 च्या निर्यातबंदीत आमचे जे बुडाले ते कोणत्या विठूने भरले?