किती पळते ते नंतर, परत येते का ते आधी

रेडिओ कंट्रोलची बोट बनवतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती पळते?" त्याचंही चूक नाही म्हणा. यूट्यूबवर बघाल तर पाण्याचे फवारे उडवत सुसाट जाणाऱ्या बोटीच जास्त दिसतात. त्यामुळे पहिल्यांदा बोट करायला घेणारा मोटरपासून सुरुवात करतो. सगळ्यात दमदार ब्रशलेस मोटर, तिला शोभेल अशी लिपो बॅटरी, आणि उरलेल्या पैशांत रेडिओ. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. पहिल्या बोटीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: ही परत कशी येणार?

रेडिओ कंट्रोलची गाडी बंद पडली तर चार पावलं चालून उचलता येते. बोट तळ्याच्या मध्यावर थांबली की संपलं. मग काठावरचा माणूस काय करतो? पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि पाण्यात उतरतो! चार-पाच हजारांच्या खेळण्यासाठी! आपल्याकडच्या तळ्यांचा तळ कसा असतो हे मी सांगायला नको. गाळ, जलपर्णीची मुळं, विसर्जनाचे अवशेष, आणि पवईला तर चक्क मगरी आहेत. बोट गेली तर दुसरी करता येते. म्हणून मोटर आणि रेडिओ निवडताना वेगाचा नाही, या प्रसंगाचा विचार करायचा.

आधी वेगाचं भूत उतरवू. पहिली बोट म्हणून मी कुणालाही स्प्रिंगर टगच सुचवतो. दीड फूट लांबीची, प्लायवूडची, सपाट तळाची पेटीच ती. अशी पाणी कापत जाणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. विल्यम फ्रूड या ब्रिटिश इंजिनिअरने १८७० च्या दशकात टॉर्कीच्या हौदात मॉडेल ओढून हे गणित अभ्यासलं. त्यावरून आलेला ठोकताळा असा: पाण्यातल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, नॉटमधला वेग मिळेल. दीड फुटाला उत्तर येतं सुमारे १.६४ नॉट, म्हणजे ताशी ३ किलोमीटर. आपण रमतगमत चालतो तेवढं! मोटर दुप्पट ताकदीची घातली तरी वेग फारसा वाढत नाही. मागची बाजू पाण्यात बसते, पुढे लाट उठते आणि बॅटरी रिकामी होते.

म्हणून मोटर साधी घ्या. ६ किंवा ७.२ व्होल्टवर सावकाश फिरणारी ब्रशची मोटर पुरते. बॅटरी म्हणून इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड उत्तम. ती जड असते हा इथे दोष नाही, गुण आहे. टगला नीट बसण्यासाठी तळाशी वजन लागतंच. दगड भरण्यापेक्षा बॅटरी भरलेली काय वाईट? लिपो हलकी असते, पण तिचे चार्जिंगचे नियम कडक, आणि चुकलं तर आग. ते दुसऱ्या बोटीला शिका.

आता स्पीड कंट्रोलर. दुकानात सहज मिळणारे बरेचसे कंट्रोलर विमानासाठी असतात, ते मोटर एकाच दिशेला फिरवतात. बोटीला रिव्हर्स हवाच. पंख्यात शेवाळं अडकलं की दोन-तीनदा मागे-पुढे केल्यावर बऱ्याचदा सुटतं. रिव्हर्स नसेल तर तिथेच खेळ खल्लास. शिवाय अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते आणि कंट्रोलर जाळते. म्हणून बाथरूममध्ये टबात बोट हाताने धरा, बॅटरीच्या तारेत अँपिअर मीटर लावा आणि काही सेकंद फुल थ्रॉटल द्या. जो आकडा येईल त्याच्या दुप्पट क्षमतेचा कंट्रोलर घ्या, आणि त्या आकड्याच्या थोडासा वरचा फ्यूज बॅटरीजवळच बसवा. मोटर हवेत फिरवून घेतलेला आकडा धरू नका, पाण्यात तो फार वेगळा येतो.

"दोन मोटर का नाही लावायच्या? एक गेली तर दुसरी आहेच," असं आमच्या आयटीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच. रिडंडन्सी रक्तात भिनलेली! पण दोन्ही मोटर एकाच बॅटरीवर, एकाच रिसीव्हरवर चालणार असतील तर ती रिडंडन्सी बरीचशी कागदावरच. आत पाणी शिरलं की दोन्ही एकदमच जातात. दोन मोटरवर बोट जागच्या जागी वळते हे खरं आणि मजेशीरही, पण त्यासोबत दोन कंट्रोलर, मिक्सिंग आणि दुप्पट जोडण्या येतात. जितक्या जोडण्या, तितक्या सैल होण्याच्या जागा. पहिल्या बोटीला एक मोटर, एक सुकाणू, एक सर्व्हो.

मोटरवर तीन सिरॅमिक कपॅसिटरही लावा: ०.१ मायक्रोफॅरडचे, वर १०४ लिहिलेले. एक दोन्ही टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक. ब्रशच्या ठिणग्यांचा रेडिओला होणारा त्रास त्याने कमी होतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ते अगदी किरकोळ पैशांत मिळतात.

आता रेडिओ, आणि माझ्या मते खरे पैसे इथे घालावेत. रेडिओवर चालणारी बोट निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना दाखवली. त्याला मात्र हौद होता, बोट जाऊन जाऊन जाणार कुठे! आपल्याला तळं आहे. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घ्या. जुन्या रेडिओसारखी क्रिस्टल जुळवायची कटकट नाही. पण या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत. रिसीव्हरच्या ॲन्टेनाच्या टोकाचा सोललेला, सुमारे ३१ मिलिमीटरचा भाग तळाशी वेटोळं करून टाकू नका. तो उभा आणि पाण्याच्या पातळीच्या जमेल तितका वर हवा. टगला केबिन असते, तिच्या छताखाली ही सोय आयतीच होते.

आणि फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं, ते आधी ठरवून द्यावं लागतं. काही रिसीव्हर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवतात. म्हणजे थ्रॉटल पूर्ण असताना सिग्नल गेला तर बोट पलीकडच्या काठापर्यंत निघाली! सिग्नल गेल्यावर मोटर बंद, असंच सेट करा. मग वारा तिला हळूहळू कुठल्या तरी काठाला आणून सोडेल. खात्री करणं सोपं आहे: बोट स्टँडवर, थ्रॉटल थोडा पुढे, आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही तर त्या दिवशी तळ्यावर जायचं नाही. एरवी मात्र क्रम नेहमी एकच: आधी ट्रान्समीटर चालू, मग बोट, बंद करताना आधी बोट.

एवढं करूनही बोट अडकू शकते. म्हणून मासेमारीचा लांब दोरा आणि टोकाला टेनिस बॉल सोबत ठेवा. बॉल बोटीच्या पलीकडे टाकायचा आणि दोरा बोटीवर येईल असा हलकेच ओढायचा. पहिल्या दिवशी वारा आपल्या काठाकडे येत असेल अशी बाजू निवडा, आणि सगळीकडे मिळून दोन-तीन वेळा वापरलेला दोरा बरोबर असला तरी बोट त्याच्या टप्प्याबाहेर जाऊ देऊ नका.

कुणी म्हणेल, यात थ्रिल कुठे आहे? ताशी ३ किलोमीटर, तोही टग! मान्य. पण स्वतः डाग दिलेल्या तारांवर, स्वतः ग्रीस भरलेल्या शाफ्टवर ती पेटी लांब जाऊन, वळून, तुमच्या दिशेने यायला लागते ना, तेव्हा काय वाटतं ते करून बघा. स्पीडबोटीला कुणाची ना नाही, दुसरी बोट तीच करा. तोवर रेडिओ, फेलसेफ आणि फ्यूज हाताखालून गेलेले असतील, आणि मग वेग वाढवताना आपण काय पणाला लावतोय ते तुम्हाला नीट माहीत असेल.

तेव्हा मंडळी, या शनिवारी मोटरच्या आधी ट्रान्समीटरच्या किमती बघा. आणि एक वचन स्वतःलाच देऊन ठेवा: बोट कितीही जवळ दिसली तरी तिच्यासाठी पाण्यात उतरायचं नाही. मग बाकी काय हवं ते करा :)