वॉशरचे पैसे कोणी द्यायचे?

या पानावर आम्ही नेहमी वेतन, पेन्शन, रिकाम्या जागा आणि बदल्या यांबद्दल लिहितो. या खेपेस कॉफीच्या मशीनबद्दल लिहीत आहोत. काही जण हसतील, सचिवांना आता कामे उरली नाहीत काय, असेही कोणी म्हणेल. पण रात्री अडीच वाजता गाडी सोडून उतरलेला लोको पायलट, त्याच्या मागून दिवा घेऊन येणारा गार्ड (त्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पगार तोच) आणि टपालाच्या थैल्या मोजून डोळे लाल झालेला आर.एम.एस.चा बांधव हे तिघे ज्या एका ठिकाणी भेटतात ते ठिकाण म्हणजे फलाटावरचा चहा-कॉफीचा स्टॉल. त्या स्टॉलवर काय चालते हा आपलाच प्रश्न आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका स्टेशनवर जे घडले ते आधी सांगतो. वाफेने दूध फेसाळवून कॉफी करायचे पितळी मशीन तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. गाडी पाच मिनिटे थांबणार, काउंटरवर तीस हात पुढे आलेले, आणि वाफेची नळी तुंबली. तिथे काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तारेने नळीचे तोंड टोकरू लागला. नळी एकाएकी मोकळी झाली आणि वाफ थेट मनगटावर आली. कातडी सोलून निघाली. ठेकेदाराने औषधाचे पैसे दिले नाहीत, उलट फुटलेल्या ग्लासांचे पैसे त्याच्या पगारातून कापले. आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "तो आमचा कर्मचारी नाही. आणि तुम्ही ज्याला ठेकेदार म्हणता तो ठेकेदारही नाही, परवानाधारक आहे." ठेकेदार म्हणाला, "पोरगाच निष्काळजी."

पोरगा निष्काळजी होता काय? ते मशीन पुढे मोडीत निघाले तेव्हा आमच्या शेडच्या एका निवृत्त फिटरने ते उघडून पाहिले. आत बोटभर जाडीचा चुन्याचा थर. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी खाराने धरलेली, हाताने उचलूनही उचलेना. प्रेशर गेजची काच फुटलेली, काटा एका जागी चिकटलेला. वॉशर कडक होऊन चिरलेले, त्यावर चिंधी गुंडाळलेली. मशीन शेवटी कधी साफ झाले याची कुठेही नोंद नाही. आमचा फिटर एवढेच म्हणाला, "मुलाचे मनगटच भाजले, हे त्याचे नशीब."

आता हे मशीन कसे चालते ते समजून घ्या, कारण "निष्काळजी" या शब्दाचे उत्तर त्यातच आहे. दुधात नळी बुडवून वाफ सोडली आणि मग वाफ बंद केली की नळीतली उरलेली वाफ गार होते, आत ओढ निर्माण होते आणि थोडे दूध वर खेचले जाते. ते गरम नळीत वाळते आणि घट्ट बसते. म्हणून प्रत्येक वेळी नळी दुधातून काढल्यावर ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडून आतले दूध बाहेर उडवायचे. काम दहा सेकंदांचे. पण गर्दीत पन्नास कप काढायचे असतील तर ही दहा-दहा सेकंदे मिळून आठ मिनिटांच्या वर जातात, आणि गाडी थांबते पाचच मिनिटे. तरीही नळी तुंबलीच तर वाफेचा कॉक बंद करून, नळी गार होऊ देऊन, टोकाचा तुकडा काढून गरम पाण्यात भिजवायचा असतो. त्यासाठी मशीन बंद ठेवायची मुभा हवी, दुसरे टोक हाताशी हवे, आणि हे सर्व कोणीतरी शिकवलेले हवे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्या मुलाला मिळालेली नव्हती. त्याला मिळाली होती फक्त तार.

तीच गोष्ट चुन्याची. पाणी जड असेल तर तापवल्यावर त्यातला चुना खाली बसतो, हे घरच्या पातेल्याचा तळ पाहून कोणालाही कळते. हा थर उष्णता अडवतो, हीटर जास्त तापून जळतो, वीज किंवा गॅस फुकट जातो आणि झडपा अडकतात. उपाय काय, तर पाणी मृदू करून वापरायचे, ठराविक मुदतीने सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने थर काढायचा आणि नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवून काढायचे. मोठ्या हॉटेलांतल्या नव्या एस्प्रेसो मशीनची कथाही वेगळी नाही. तिथे पाणी साधारण नऊ बार दाबाने कॉफीच्या भुकटीतून ढकलले जाते, म्हणून रबरी गॅस्केट झिजते, जाळीत कॉफीचे तेल साचून खवट होते, दळणाऱ्या चक्कीची पाती बोथट होतात. रोज धुणे, आठवड्याला उघडणे, ठराविक महिन्यांनी वॉशर बदलणे याला पर्याय नाही.

रेल्वेच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. आमच्या शेडमधल्या जुन्या मंडळींनी वाफेच्या इंजिनांवर उमेदवारी केली. बॉयलर ठरल्या दिवशी वॉशआउटला जायचा म्हणजे जायचाच. पाण्याची काच, सेफ्टी व्हॉल्व्ह, वितळणारा प्लग यांची तपासणी झाल्याशिवाय आणि रजिस्टरवर सही झाल्याशिवाय इंजिन बाहेर पडत नसे. आज डिझेल असो की विजेचे, प्रत्येक इंजिनाचे शेड्यूल ठरलेले असते. मग त्याच रेल्वेच्या हद्दीत, त्याच फलाटावर, त्याच वाफेवर चालणाऱ्या छोट्या बॉयलरला शेड्यूल का नाही?

कायद्याकडे पाहावे तर तिथेही फट आहे. २००७ च्या दुरुस्तीपासून बॉयलरच्या कायद्यात २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या भांड्याची गणना बॉयलर म्हणून होत नाही, आणि २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्यातही तेच ठेवले आहे. म्हणजे स्टॉलवरच्या अशा लहान मशीनकडे बॉयलरचा निरीक्षक येणार नाही. निरीक्षक येणार नाही, मालक पाहणार नाही, रेल्वे म्हणते आमचे नाही. उरला तो एकोणीस वर्षांचा मुलगा.

साथींनो, मशीन आपणहून बिघडत नाही. ते बिघडावे अशी व्यवस्था केलेली असते. स्टॉल ज्याला मिळतो त्याने मोठी परवाना फी भरलेली असते. मुदत संपली की तो जाणार, पुढच्याला नवे टेंडर. जे मशीन आपल्यामागे राहणार नाही त्याचे वॉशर तो कशाला बदलेल? वॉशरवर खर्च केलेला रुपया त्याच्या नफ्यातून जातो, आणि मुलाचे मनगट भाजले तर त्याच्या नफ्यातून काहीच जात नाही. हा हिशेब आहे. निष्काळजीपणा असलाच तर तो या हिशेबात आहे.

प्रशासन काय करते? पाटी बदलते. १९९९ साली आयआरसीटीसी स्थापन झाली आणि खानपान तिकडे गेले. २०१० च्या धोरणाने ते पुन्हा विभागीय रेल्वेकडे आणले. २०१७ च्या धोरणाने गाड्यांतले खानपान परत आयआरसीटीसीकडे दिले. पाटी तीनदा बदलली, मशीनचे वॉशर मात्र एकदाही नाही. याच २०१७ च्या जुलैमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन ७४ स्टेशने आणि ८० गाड्या तपासल्या होत्या. पेये करण्यासाठी नळाचे न शुद्ध केलेले पाणी थेट वापरले जात होते, असे त्यांनी लिहून ठेवले. हे युनियनने म्हटले असते तर राजकारण ठरले असते!

आता साहेब लोक नवा उपाय सांगतात. म्हणतात, बटण दाबायचे मशीन आणू, माणसाचा हात लागणारच नाही. साथींनो, या बटणाच्या मशीनमध्ये दूधपावडर, साखर आणि कॉफीची भुकटी असते. आतल्या वाटीत ती गरम पाण्यात घुसळली जाते. ती वाटी आणि घुसळणारा पंखा रोज धुतला नाही तर ओलसर भुकटी साचते, आंबते, झुरळांना मेजवानी होते. पाण्याचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तो असून नसल्यासारखा. हात लागणार नाही म्हणणारे लोक धुणारे हात विसरतात. पूर्वी निदान मशीन उघडे होते आणि घाण दिसत होती, आता ती पत्र्याच्या आड गेली आहे.

दुसरी वाट नाही काय? आहे, आणि ती आमच्याच गावात आहे. कॉफी हाऊसची साखळी १९३६ साली मुंबईत चर्चगेटला सुरू झाली. पुढे कॉफी बोर्डाने ती चालवली, आणि १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने कॉफी हाऊस बंद करून कामगारांना घरी पाठवायचे ठरवले. कॉम्रेड ए. के. गोपालन यांनी कामगारांना सांगितले की नोकरी मागत बसू नका, धंदाच हाती घ्या. १९५७ मध्ये बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी सोसायटी उभी राहिली, त्याच वर्षी दिल्लीत इंडियन कॉफी हाऊस उघडले, पुढे ठिकठिकाणी सोसायट्या झाल्या. त्यातल्याच एकीचे मुख्यालय आमच्या जबलपुरात आहे आणि तिची कॉफी हाऊस मध्य प्रदेशभर व छत्तीसगडमध्ये चालतात. तिथे तुरेवाला फेटा बांधून कप आणून ठेवणारा माणूस हा नुसता वेटर नसतो, तो सोसायटीचा सभासद असू शकतो, आणि कारभारी मंडळ कामगार आपल्यातूनच निवडतात.

आम्ही त्यांचे सभासद नाही, नुसते जुने गिऱ्हाईक आहोत. तिथे सारेच गोड आहे असे आमचे म्हणणे नाही. सोसायटीतही गट असतात, भांडणे असतात, सभासद आणि रोजंदारी यांच्यात दरी पडू शकते. पण एक फरक मुळातला आहे. वॉशर बदलायचे की नाही हे तिथे ठरवणारा माणूस आणि वाफेसमोर उभा राहणारा माणूस एकाच सभेत बसतात. मशीन टिकले तर फायदा सभासदांचा, फुटले तर तोटाही त्यांचाच. देखभालीसाठी याहून मोठा निरीक्षक कोणी नेमू शकत नाही.

आणि आपल्या घरातले पाहा. १९९० साली एम. एम. आर. खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वैधानिक आणि मान्यताप्राप्त कॅन्टीनच्या कामगारांना रेल्वे कर्मचारी मानले. टपाल व इतर केंद्रीय कचेऱ्यांतल्या विभागीय कॅन्टीनच्या कामगारांनाही १९९१ पासून सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला. केवढा विजय! पण आमच्या पाहण्यात पुढे काय झाले? माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरली गेली नाही. मग एके दिवशी सांगितले गेले की माणसेच नाहीत, कॅन्टीन ठेक्याने देऊ. न्यायालयात जिंकलेले आम्ही टेबलावर हरलो.

इथे आपल्यालाही कान धरावे लागतील. कॅन्टीन कमिटीत आपले प्रतिनिधी असतात. त्यांनी समोशाच्या दरावर तास-तास वाद घातले, पण मशीनचे झाकण उघडून किती जणांनी पाहिले? कॉफीला वास आला की आपणच त्या मुलावर ओरडतो. सुटे पैसे नसले की आपणच शिवी देतो. तो आपल्या युनियनचा सभासद नाही, म्हणून तो कामगार नाही काय? १९७४ च्या मे महिन्यात आपल्या आधीच्या पिढीने संप केला तेव्हा कामाचे तास हा त्यातला एक मोठा प्रश्न होता. तो आठ तासांचा हक्क आपल्या नाकासमोर उभ्या असलेल्या मुलाला लागू नाही, हे आपण रोज कॉफी पीत पाहतो.

म्हणून आमच्या शाखेने पुढील मागण्या ठरवल्या आहेत. इतर शाखांनीही त्यांवर ठराव करावा, अशी विनंती आहे.

१) रेल्वे व टपालाच्या हद्दीतील प्रत्येक चहा-कॉफी मशीनला इंजिनासारखे शेड्यूल असावे. रोजची, आठवड्याची व मुदतीची कामे लिहिलेला तक्ता मशीनशेजारी लावावा आणि त्यावर तारखेसह सही असावी.

२) देखभाल व सुटे भाग यांचा खर्च टेंडरमध्ये वेगळा दाखवावा. तो कामगाराच्या पगारातून कापता येणार नाही, अशी अट असावी.

३) पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी साफसफाईसाठी अर्धा-अर्धा तास कामाचा वेळ म्हणून धरावा.

४) सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, अर्थिंग व गॅसची नळी यांची तपासणी जाणकार माणसाकडून व्हावी.

५) मशीन धोक्याचे वाटल्यास ते बंद करण्याचा हक्क ते चालवणाऱ्याला असावा. त्याबद्दल दंड नको.

६) इजा झाल्यास उपचाराची जबाबदारी हद्दीच्या मालकाची, म्हणजे प्रशासनाची असावी. परवानाधारक हा शब्द पुढे करून हात झटकता येणार नाहीत.

७) विभागीय कॅन्टीनच्या रिकाम्या जागा भराव्यात. ते होत नसेल तर बाहेरच्या ठेकेदाराऐवजी कामगारांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य द्यावे.

नव्या श्रमसंहितांना आपला विरोध आहे आणि तो राहील. पण २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू केलेल्या सुरक्षाविषयक संहितेत शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीन हवे आणि त्या शंभरात कंत्राटी कामगारही मोजायचे, असे म्हटले आहे. मोजताना ज्यांना कामगार म्हणता, त्यांना भाजल्यावरही कामगारच म्हणा, एवढेच आमचे मागणे आहे.

तो मुलगा आता दुसऱ्या एका ठिकाणी भांडी घासतो. उजवे मनगट पुरते वळत नाही. युनियनने वर्गणी काढून त्याच्या औषधाचा खर्च दिला. वर्गणी दिलेल्या सर्वांचे आभार. पण वर्गणी हा न्याय नव्हे. त्या मशीनला लागणारे वॉशर बाजारात फारच थोड्या पैशांत मिळते. ते पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आम्ही प्रशासनाला लेखी विचारला आहे. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला विचारत राहू.

तोवर प्रत्येक साथीने एक काम करावे. आज पाळी संपल्यावर कॉफी घ्याल तेव्हा त्या मुलाला त्याचे नाव विचारा. मग विचारा, हे मशीन शेवटी कधी उघडले? आणि जे उत्तर मिळेल ते शाखेच्या वहीत लिहून ठेवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!