मीटरवर आवाज मर्यादेत, तरी खिडकी का थरथरते? डीजे, बेस आणि रात्री दहाचा नियम

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. हणजूण किंवा वागातोरच्या एखाद्या घरात पंखा सुरू आहे, दिवे बंद आहेत. बाहेरून गाणं ऐकू येत नाही. शब्द नाहीत, चाल नाही. येतो तो फक्त ठोका. धप्, धप्, धप्. मिनिटाला १३०-१४० वेळा, पहाटेपर्यंत.

तक्रार केली की क्लबवाले म्हणतात, "दारं बंद आहेत, आवाज मर्यादेत आहे." घरातले म्हणतात, "मग आम्हाला झोप का लागत नाही?"

गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात. कारण आपला कायदा आवाज ज्या पट्टीने मोजतो, त्या पट्टीला इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे बेस, फार कमी दिसतो. गोव्यातले क्लब, पुण्या-मुंबईतले पब आणि गणपती मिरवणुकीतला डीजे या सगळ्यांवरच्या वादाच्या मुळाशी ही एक तांत्रिक गोष्ट आहे. ती समजून घेऊ.

रात्री दहाचा नियम नेमका काय सांगतो?

देशभर लागू असलेले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ ही 'रात्र'. या वेळेत लाउडस्पीकर, वाद्यं किंवा आवाज वाढवणारी यंत्रणा उघड्यावर वाजवता येत नाही. सूट आहे ती बंद जागेला, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल अशा ठिकाणी आतल्या आत आवाज ठेवला तर.

सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. गणपती-नवरात्रात 'आज १२ पर्यंत परवानगी' असं जे आपण ऐकतो, ते याच तरतुदीतून येतं.

याशिवाय आवाजाची मर्यादाही आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या आकड्यापेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांना आणखी बळ दिलं. त्या याचिकेमागचं कारण अंगावर काटा आणणारं होतं. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या आवाजात तिच्या हाका कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. तेव्हा हा नियम फक्त कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून आलेला नाही.

मग मीटरला बेस कमी का दिसतो?

नियमातले आकडे साध्या डेसिबलमध्ये नाहीत, ते 'डेसिबल ए' या पट्टीवरचे आहेत. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. शिट्टी चटकन ऐकू येते, खर्जातली घरघर कमी. मीटरनेही कानासारखं वागावं म्हणून 'ए' पट्टी खालचे सूर मोजताना वजावट करते.

ही वजावट मोठी आहे. ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे क्लबमधला सबवूफर जिथे सगळ्यात जास्त काम करतो तिथे, 'ए' पट्टी सुमारे ३० डेसिबल वजा करते. भिंतीबाहेर त्या सुराचा प्रत्यक्ष दाब ७५ डेसिबल असेल, तर मीटर दाखवेल ४५. म्हणजे निवासी भागातल्या रात्रीच्या मर्यादेत अगदी बरोबर!

ही पट्टी मुळात हलक्या आवाजांसाठी ठरवली गेली. आवाज वाढत जातो तसा कान बेसही जास्त ऐकू लागतो, पण पट्टीची वजावट तेवढीच राहते. शिवाय बेस नुसता कानाला लागत नाही. तो छातीत जाणवतो, तावदानं आणि पत्रे थरथरवतो.

दुसरी अडचण भिंतीची. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते. वरचे सूर भिंत, पडदा, झाडी अडवते. एवढी लांब लहर मात्र पातळ भिंत, काच, पत्रा किंवा ताडपत्रीतून सहज पलीकडे जाते. म्हणून लांबच्या घरात गाणं पोहोचत नाही, ठोका पोहोचतो.

आणि हा ठोका काही अपघाताने आलेला नाही. हाउस, टेक्नो, ट्रान्स या सगळ्या प्रकारांचा पाया म्हणजे प्रत्येक मात्रेवर पडणारी किक. हाउसमध्ये तो मिनिटाला साधारण १२० ते १३०, सायट्रान्समध्ये १४० च्या पुढे. बेस काढून टाका, असं डीजेला सांगणं म्हणजे ढोल-ताशा पथकाला ढोल घरी ठेवून या असं सांगण्यासारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच हे मान्य केलं होतं. आवाजात बेसचं प्रमाण जास्त असेल तर 'ए' पट्टीवरची मर्यादा आणखी खाली आणावी, अशी शिफारस त्यात आहे. आपल्या नियमांच्या तक्त्यात मात्र बेससाठी वेगळा रकाना नाही.

गोव्यात हा वाद इतका का पेटला?

कारण गोव्यातलं हे संगीत मुळात बंद खोलीतलं नाहीच. १९८० आणि ९० च्या दशकांत हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांच्या रात्रभराच्या पार्ट्या होत. आधी रॉक आणि रेगे, मग इलेक्ट्रॉनिक संगीत. मूळचा अमेरिकेतला गोवा गिल हा डीजे त्या काळाचा चेहरा. २०२३ मध्ये त्याचं निधन झालं. किनाऱ्यावरच्या या रात्रींतून जो प्रकार घडला, त्याला जग आजही 'गोवा ट्रान्स' म्हणतं. एखाद्या संगीतप्रकाराला भारतातल्या जागेचं नाव मिळणं, ही साधी गोष्ट नाही.

२००० च्या नियमांनंतर रात्री दहानंतरची उघड्यावरची पार्टी बेकायदा ठरली. २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' सुरू झाला आणि जे भूमिगत होतं ते तिकीट लावून, प्रायोजकांसह, दिवसाउजेडी होऊ लागलं. २०१६ ते २०१८ ही तीन वर्षं हा महोत्सव पुण्याजवळ झाला, मग गोव्यात परतला. २०२४ मध्ये पेडण्यातल्या धारगळला तो भरला तेव्हा स्थानिकांचा विरोध थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ चा सनबर्न मुंबईत झाला.

महोत्सव मात्र वर्षातून तीन दिवसांचा. खरा ताण रोजच्या क्लबांचा आहे. हणजूण-वागातोर पट्ट्यातल्या आवाजाच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर वारंवार आल्या आहेत. अर्धी भिंत, वर कापडी छत, समोर समुद्र अशी जागा 'बंद' म्हणायची का? नियम शब्दांत स्पष्ट आहे, प्रत्यक्षात पळवाट इथेच निघते.

या कोंडीतून गोव्यानेच एक भन्नाट उत्तरही काढलं. दक्षिण गोव्यातल्या पाळोळेला हेडफोन पार्ट्या सुरू झाल्या. शेकडो लोक नाचतायत, डीजे वाजवतोय आणि बाहेर उभ्या माणसाला फक्त पावलांचा आणि हसण्याचा आवाज येतोय. पण छातीत बसणारा बेस हेडफोनमधून मिळत नाही. म्हणून हा पर्याय लोकप्रिय झाला, तरी क्लबची जागा घेऊ शकला नाही.

'आत' नेलं की प्रश्न सुटला?

कायद्याचा साधा अर्थ 'आत न्या, दारं लावा' असा घेतला जातो. इथेच सगळ्यात मोठा धोका आहे.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या नाइट क्लबला आग लागली. १०० जणांचा जीव गेला. आतिशबाजीच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमवर पडल्या होत्या. तो फोम शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींमुळेच लावलेला होता. दहा वर्षांनी ब्राझीलमधल्या 'किस' क्लबमध्ये जवळपास हेच घडलं. आवाज रोखण्यासाठी छताला लावलेला फोम पेटला आणि त्याच्या विषारी धुराने २४२ जण दगावले.

विशेष म्हणजे असा हलका, स्वस्त फोम बेस अडवतच नाही. तो खोलीतला प्रतिध्वनी कमी करतो, एवढंच. बेस अडवायला जड, जाड भिंत लागते, दुहेरी दारं लागतात, मधे हवेची पोकळी लागते. म्हणजे शेजाऱ्याची झोपही वाचत नाही आणि आतल्यांचा जीव धोक्यात जातो.

आपल्याकडे हे दूरचं वाटण्याचं कारण नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला, त्यातले बहुतेक तिथे काम करणारे होते. या दोन्ही आगी आवाजामुळे लागलेल्या नाहीत. पण आवाजाच्या दबावाखाली आणखी जागा बंद होणार असतील, तर साउंडप्रूफिंगची परवानगी आणि अग्निशमन दलाची तपासणी एकाच टेबलावर व्हायला हवी, हे त्यातून दिसतं.

डीजे आणि कर्मचाऱ्यांच्या कानांचं काय?

या वादात दोनच बाजू दिसतात, क्लब आणि शेजारी. तिसरी बाजू कन्सोलच्या मागे आणि बारच्या काउंटरवर रोज उभी असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. १०० डेसिबलला ती आठवड्याला सुमारे २०-२५ मिनिटं उरते. क्लबमध्ये एक रात्र नाचून आलेल्याच्या कानात सकाळी जी शिट्टी वाजते, ती इशारा असते. रोज सहा तास तिथे काम करणाऱ्या वेटरसाठी ती कायमची होऊ शकते.

२०२२ मध्ये याच संघटनेने क्लब आणि कार्यक्रमांसाठी जागतिक मानक जाहीर केलं. सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर नको, आवाजाची सतत नोंद ठेवा, इअरप्लग उपलब्ध ठेवा, शांत बसायला जागा ठेवा. यातल्या कुठल्याच गोष्टीने पार्टी बंद पडत नाही.

इतर देशांनी काय केलं?

जर्मनीत शेजारच्या घरात पोहोचणारा बेस मोजण्यासाठी स्वतंत्र मानक आहे. त्यात 'ए'बरोबर 'सी' पट्टीवरही मोजणी होते. 'सी' पट्टी बेसची वजावट जवळजवळ करत नाही. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर त्रास बेसचा आहे हे लगेच कळतं.

बर्लिनने २०१८ मध्ये क्लबांना साउंडप्रूफिंगसाठी १० लाख युरोंचा निधी उभारला. शहराच्या पर्यटनाला क्लबांचा फायदा होतो, तर भिंतीचा खर्चही थोडा शहराने उचलावा, असा तो विचार.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत आणखी एक तत्त्व आणलं. नंतर येणाऱ्याने आवाज रोखण्याची जबाबदारी घ्यायची. जुन्या क्लबशेजारी टॉवर बांधलात तर दुहेरी काचा बिल्डरने बसवायच्या. जुन्या वस्तीत क्लब उघडलात तर भिंत क्लबने बांधायची. हणजूणसारख्या गावात, जिथे घरं आधीची आणि बहुतेक क्लब नंतरचे, तिथे हे तत्त्व गावकऱ्यांच्या बाजूने उभं राहतं.

आता काय करता येईल?

पहिलं काम स्वस्त आहे. आवाज मोजणाऱ्या बऱ्याच चांगल्या यंत्रांत 'सी' पट्टी आधीपासूनच असते, बटण बदलावं लागतं. तपासणीत दोन्ही आकडे नोंदवले तर निदान खरं चित्र कागदावर येईल.

दुसरं, 'बंद जागा' म्हणजे काय हे परवान्यात स्पष्ट लिहायला हवं. छत कशाचं, दारं किती, बाहेर पडायचे रस्ते किती, भिंतीवरचं साहित्य पेटणारं आहे का. तिसरं, सबवूफर वस्तीकडे तोंड करून न लावणं, मागे जाणारा बेस कमी होईल अशी त्यांची मांडणी करणं आणि ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारा लिमिटर बसवणं. हे तंत्र इथल्या साउंडवाल्यांना माहीत आहे. कुणी मागत नाही, म्हणून होत नाही.

आणि तुम्ही शेजारी असाल तर? रात्री दहानंतर उघड्यावर साउंड सिस्टीम सुरू असेल, तर डेसिबल किती याचा पुरावा देण्याची गरज नाही. वेळेचा भंग हीच तक्रार पुरेशी आहे. ११२ वर फोन करता येतो, लेखी तक्रार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे करता येते. तक्रारीत 'मोठा आवाज' एवढंच न लिहिता 'बेसचा ठोका घरात जाणवतो, खिडकी थरथरते' असं लिहा. मीटरला जे दिसत नाही, ते निदान नोंदीत तरी येईल.

क्लब हवेत की नकोत, यावर भांडण सुरूच राहील. पण ज्या पट्टीने आपण हे भांडण मोजतो, तीच अर्धा आवाज सोडून देत असेल, तर क्लब कायदा पाळूनही गुन्हेगार वाटत राहील आणि घरातला माणूस खरं बोलूनही खोटा ठरेल.